सहावी प्रत

नानांचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो. आमच्या कॉलेजातले जुने लोक भेटले की हटकून नानांच्या गोष्टी काढतात, हसतात, हळहळतात, आणि मला म्हणतात, "तुमचा तर प्रबंध त्यांनीच केला होता ना, तुम्ही सांगा काहीतरी." मी काय सांगू? नानांबद्दल तासभर चांगलं बोलता येईल, पण त्या तासात कुठे ना कुठे माझं नाव येतं आणि माझी दातखीळ बसते. आता निवृत्त झालोय, मार्गदर्शक वारले, बढत्या-बिढत्यांचा प्रश्न उरला नाही. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

जळगावात जुन्या बसस्टँडमागच्या गल्लीत नानांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. इन्स्टिट्यूट म्हणजे एक लांबट खोली, सहा मशिनं, भिंतीला लावलेली दोन बाकं आणि एक लोखंडी कपाट. सकाळी मुलंमुली परीक्षेसाठी बोटं बडवायला यायची. दुपारी नाना प्रबंध करायचे. "टाईप करतो" असं ते कधी म्हणत नसत. "सध्या कापसावरचा करतोय," "मागच्या वर्षी भिल्लांच्या लग्नांवरचा केला," असं म्हणत. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस दर सहा महिन्यांनी एक डॉक्टरेट मिळवतोय. खान्देशात त्या काळात जो कोणी पीएच.डी. करी, मग तो धुळ्याचा असो की चोपड्याचा, त्याचं बाड शेवटी नानांच्या टेबलावर येऊन पडायचं.

अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बसल्या जागी बोटं मांडीवर चालत असायची. आपण बोलत असलो की लक्षात यायचं, हे आपलं बोलणं टाईप करतायत. वाक्य फार लांबलं की बोटं थांबायची आणि नाना आपल्याकडे दयेने बघायचे. स्वतः बोलताना विषय बदलायचा असला तर चक्क म्हणायचे, "नवा परिच्छेद." एकदा इन्स्टिट्यूटच्या घरमालकाशी भाडेकराराची चांगली जुंपली होती, आवाज चढले होते, आणि नाना मध्येच म्हणाले, "नवा परिच्छेद. चहा घेणार का?" घरमालक काय बोलणार, बसला.

शिक्षण जुनी मॅट्रिक, तीही दुसऱ्या खेपेला. सुरुवात धुळ्याच्या कोर्टाबाहेर अर्ज टाईप करण्यापासून झाली होती. इंग्रजी त्यांना आलं ते प्रबंधांतूनच. त्यामुळे परागीभवनाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना नेमकं ठाऊक, पण उशीला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. उशीवर आजवर कुणी प्रबंध लिहिला नाही, त्याला मी काय करू, असं ते म्हणायचे. प्रबंधांबद्दल त्यांची मतं पक्की होती. पहिलं प्रकरण सगळ्यांचं सारखंच असतं, ते मी आता बाहेर बघत करतो. माणूस ओळखायचा तर आभाराचं पान बघावं, बायको कितव्या ओळीवर आहे ते बघावं. माझं आभाराचं पान हातात आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सर, ज्यांच्या विहिरींचं पाणी नेलंत ती गावं यात नाहीत." मी म्हटलं, गावांचे आभार मानायची पद्धत नाही. "नसेल," म्हणाले, आणि मशीनकडे वळले.

आता सहाव्या प्रतीचं सांगतो. प्रबंधाच्या पाच प्रती लागायच्या. विद्यापीठाला तीन, मार्गदर्शकाला एक, आपल्याला एक. तेव्हा झेरॉक्स महाग आणि विद्यापीठाला ती चालायची नाही, म्हणून कागद, कार्बन, कागद, कार्बन अशी चळत रुळात घालून एका ठोक्यात पाच प्रती काढायच्या. नाना चळतीत सहावा कागद घालायचे. सगळ्यात पातळ, सगळ्यात मागे. सहाव्यापर्यंत अक्षर उमटायचं तर ठोका दणकट लागतो. नानांचा ठोका गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा. एक चूक झाली की सहा ठिकाणी खोडायची, सहा ठिकाणी पुन्हा उमटवायची. आणि एवढं करून सहावी प्रत भुरकटच निघायची. मग नाना रविवारी बसून पुसट अक्षरं पेन्सिलीने गिरवायचे.

ही प्रत ठेवायची परवानगी ते रीतसर मागत. पण कधी मागत? बांधून आलेले प्रबंध घेऊन माणूस पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा असे तेव्हा. "सहावी माझ्याकडे राहू देऊ ना, सर?" त्या क्षणी कोण नाही म्हणणार? अर्ध्यांना तर सहावी म्हणजे काय तेही कळायचं नाही. अशा पन्नासेक प्रती लोखंडी कपाटात होत्या. कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली कुलपालाच लटकत असायची. कुणीही यावं, बाकावर बसावं, वाचावं. घरी न्यायची नाही, चहा सांडायचा नाही, पानाचा कोपरा दुमडायचा नाही. प्रत्येक प्रतीच्या शेवटी नानांनी एक कोरं पान शिवलेलं असे. वाचणाऱ्याला काही म्हणायचं असेल तर त्यावर लिहायचं, खाली गाव लिहायचं.

हे मी स्वतः वापरलंय बरं का. माझं काम जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यावर होतं. माझ्या आधी ज्यांनी ज्यांनी मातीवर, पाण्यावर, खडकावर काम केलं होतं त्यांचे प्रबंध पुण्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुलपात होते. मी तिथे एकदा जाऊन आलो. मार्गदर्शकाचं पत्र आणा, विभागप्रमुखाचं पत्र आणा, मग दोन दिवस बसून हाताने उतरवून घ्या, असा मामला. परत आलो आणि नानांच्या बाकावर बसून सगळे वाचले. फुकट. वर नानांचा चहा. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

बाकावर माझ्या शेजारी एकदा नशिराबादचे एक शेतकरी येऊन बसले. केळीच्या रोगावरचा प्रबंध त्यांनी मागितला होता. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. नाना एकेक परिच्छेद वाचून त्यांना सांगायचे, त्यांच्याच बोलीत. तीन दुपारी हे चाललं. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे, पण ह्या सायबनी पील कव्हय लावं ते इचारंच नही." म्हणजे केळीचं पील, नवीन रोप, कोणत्या महिन्यात लावलं याने रोगात फरक पडतो, आणि ते प्रबंधात कुठे आलंच नव्हतं. नानांनी त्यांना मागचं कोरं पान उघडून दिलं. त्यांनी मोडक्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. पुढे प्रबंधाचे लेखक असलेले आमचे एक प्राध्यापक तिथे आले, त्यांनी त्या ओळी वाचल्या आणि संतापले. कोण हा मनुष्य, माझ्या प्रबंधावर लिहिणारा? नाना म्हणाले, "ज्याच्या बागेत तुम्ही फिरलात तो." प्राध्यापक तणतणत गेले. वर्षभराने त्यांचा लेख आला, त्यात लागवडीच्या महिन्याचा मुद्दा ठसठशीत होता. नशिराबादचं नाव नव्हतं. नानांनी तो अंक मिळवला, वाचला आणि म्हणाले, "काही का होईना, बाहेर तर आलं."

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं, असं मी एकदा विचारलं. नाना सहसा स्वतःबद्दल बोलत नसत, पण त्या दिवशी वीज गेली होती आणि मशीनच्या अक्षरांवर उजेड नव्हता. त्यांची आई धुळ्याकडच्या गावात कानबाईची, म्हणजे आमच्याकडच्या देवीची, गाणी म्हणायची. नाना कोर्टाबाहेर टायपिस्ट होते त्या काळात एक संशोधक बाई गावात आल्या, आईजवळ आठ दिवस बसल्या, सगळी गाणी उतरवून घेतली. म्हणाल्या, पुस्तक झालं की पाठवीन. पुढे आई म्हातारी झाली, गाणी विसरायला लागली. एका गाण्याच्या दोन ओळी तिला आठवेनात. ती दिवसभर पहिल्या ओळी म्हणायची आणि तिथे येऊन थांबायची. नाना रजा काढून विद्यापीठात गेले. प्रबंध तिथे होता. कपाटाच्या काचेतून त्यांना त्याची पाठ दिसत होती. बाहेरच्या माणसाला मिळत नाही, म्हणून सांगितलं. नाना म्हणाले, गाणं माझ्या आईचं आहे. कारकून चांगला होता बिचारा, तो म्हणाला, मला पटतंय, पण नियमात आई बसत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. गेली आई. त्या दोन ओळी अजून त्या कपाटात आहेत." बोटं मांडीवर चालत होती. "नवा परिच्छेद, सर. वीज आली."

एवढं सगळं ऐकलेला, वाचलेला, त्या बाकावर बसून स्वतःचा प्रबंध उभा केलेला मी. आता माझं ऐका.

पाण्याचे नमुने गोळा करायला मला चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत फिरायचं होतं. मुक्कामाची सोय नव्हती. नानांनीच सुचवलं, माझी बहीण तिकडे दिलेली आहे, तिच्याकडे उतरा. यमुनाअक्का. मी दोन रात्री तिच्या घरी राहिलो. तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा करून घातला, वरून तुपाचा गोळा. घरात तिची नात होती, नंदा, तीनेक वर्षांची. ती माझ्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीने लावायची आणि मोडायची. गावात नुकताच हापसा बसला होता. लोक त्याच्यावर खूष होते. पूर्वी गावाबाहेरच्या जुन्या विहिरीवरून दोर-बादलीने पाणी आणावं लागे, आता गल्लीत दांडा हलवला की पाणी. मी दोन्हींचे नमुने घेतले. निघताना अक्का म्हणाली, "पानीमा काय निंघनं ते आम्हले सांगज्यात भाऊ." मी म्हटलं, कळवतो ना, नक्की कळवतो.

पाण्यात फ्लोराइड निघालं. जुन्या विहिरीत नाही, हापशाच्या पाण्यात, आणि मर्यादेच्या पुष्कळ वर. हा क्षार नितळ पाण्यात दिसत नाही, चवीला लागत नाही. लहान मुलांचे पक्के दात हिरडीत तयार होत असतात त्या वर्षांत तो पोटात गेला की दात तपकिरी डाग घेऊनच बाहेर येतात, आणि ते डाग आयुष्यभर जात नाहीत. मोठ्यांना पुढे गुडघे, कंबर, मान. हे मला माहीत होतं. मी रसायनशास्त्र शिकवायचो. माझ्या प्रबंधाचा सगळा जीवच त्या निष्कर्षात होता.

नाना माझं परिशिष्ट करत होते. त्यात गावांची नावं होती. ठोका थांबला. मी समोरच बाकावर बसून प्रुफं तपासत होतो. नाना म्हणाले, "सर, हे यमुनाच्या गावचं आहे."

"हो."

"हे त्यांना सांगितलंत?"

मी सांगितलं नव्हतं. मार्गदर्शकांनी बजावलं होतं. धुळ्याचा एकजण याच विषयावर काम करतोय, तुमचे आकडे बाहेर गेले तर तो आधी छापेल आणि तुमचा प्रबंध गेला बाराच्या भावात. पदवी हातात येईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. आणि त्या टायपिस्टाकडे प्रत ठेवायची तर अजिबात नाही. तो धुळ्याचा माणूस उद्या तिथल्या बाकावर येऊन बसेल. मार्गदर्शक खोटं बोलत नव्हते. तो माणूस येऊन बसला असता. मीही तसाच बसलो होतो.

मी नानांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, सहावी प्रत मला द्या. आणि शब्द द्या, की माझी मौखिक परीक्षा होऊन पदवी मिळेपर्यंत तुम्ही यातलं काही, कुणालाही सांगणार नाही. अक्कालासुद्धा. नानांनी मशीनवरून हात काढले. मग म्हणाले, "किती दिवस?"

"सहा महिने. फार तर आठ."

"सर, पाणी आहे ते."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "नाना, इतके दिवस पितायतच, आठ महिन्यांनी काय होतंय?" असं बोललो मी. माझ्या घरात तेव्हा तीन वर्षांचा मुलगा होता. त्याच्या पाण्याबद्दल मी असं बोललो असतो का?

नानांनी चळतीतला सहावा कागद काढला. आधीची पानं कपाटातून आणली, सगळी जुळवली, दोरा बांधला आणि माझ्या हातात दिली. "शब्द दिला," म्हणाले. "टाईप करणाऱ्याने मजकूर बाहेर सांगायचा नसतो. पण लवकर करा."

लवकर काही झालं नाही. परीक्षकांपैकी एक परदेशी गेले, एक आजारी पडले. पदवी मिळायलाच तीन वर्षं लागली. मग मार्गदर्शक म्हणाले, लेख छापून येऊ द्या. लेख आला, ज्या नियतकालिकात आला ते जळगावात कुणी बघितलंही नसेल. मग माझी बढती. मग विभागप्रमुखपद. सांगायचं विसरलो असं म्हणणं सोपं आहे आणि मी बरीच वर्षं ते स्वतःशी म्हणत होतो. खरं सांगतो, मी विसरलो नव्हतो. पदवी मिळाल्याचं नानांना सांगायला गेलो असतो तर त्यांचा शब्द सुटला असता. पण मग त्यांनी विचारलं असतं, तीन वर्षं झाली, आता गावाला काय सांगू? मी जुन्या बसस्टँडमागच्या गल्लीतून जायचंच बंद केलं. बाजारात पांढरी टोपी दिसली की दुकानात शिरायचो. एकदा अशाच गडबडीत बांगड्यांच्या दुकानात शिरलो आणि बायकांच्या घोळक्यात उभा राहिलो. हसू येतं ना? मलाही तेव्हा आलं होतं.

पुढे नव्वदच्या आसपास आमचं खान्देशाचं विद्यापीठ झालं, कॉम्प्युटर आले, प्रबंध त्यावर व्हायला लागले. नानांकडची सकाळची मुलं कमी झाली, दुपारची बाडं थांबली. एके दिवशी मला कॉलेजच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. हाताने लिहिलेलं नव्हतं, टाईप केलेलं, समास सोडून.

"सा. न. वि. वि. इन्स्टिट्यूट बंद केली. कपाटातल्या प्रती सार्वजनिक वाचनालयाला दिल्या, किल्लीसकट. आपली प्रत आपल्याकडे आहे. मी यमुनाकडे राहायला आलो आहे. मी दिलेला शब्द अजून चालू आहे का, एवढं कृपया कळवावं."

हे कार्ड मी चार महिने टेबलाच्या खणात ठेवलं. आधी वाटलं टोमणा मारलाय. मग कळलं की नानांना टोमणे मारता येत नव्हते. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. माझी पदवी झाल्याचं त्यांना कुणी ना कुणी सांगितलंच असणार, पण शब्द मला दिला होता, तेव्हा सोडवायचाही मीच. नऊ-दहा वर्षं हा माणूस ते ओझं घेऊन बहिणीच्या गावाला जात-येत होता.

शेवटी एका रविवारी सहावी प्रत पिशवीत घातली आणि चोपड्याची बस धरली.

अक्काने मला ओळखलं. उठायला तिला खांबाचा आधार घ्यावा लागला. ती जमिनीवर बसू शकत नव्हती, ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली. मग नंदा आली, चौदाएक वर्षांची, नववीत शिकणारी, हुशार. पाणी देताना हसली आणि पटकन हात तोंडावर नेला. तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. वरचे पुढचे चारही दात. मी तांब्या हातात घेतला आणि मला तो तोंडाला लावता येईना.

"प्या, सर," मागून नानांचा आवाज आला. "हे विहिरीचं आहे. मी आणलंय."

अक्का हसायला लागली. तिने मला नानांचं खूळ सांगितलं. इतकी वर्षं नाना दर पंधरा दिवसांनी शनिवारी जळगावहून यायचे. आले की कळशी घ्यायचे आणि गावाबाहेरच्या जुन्या विहिरीवर चालत जायचे. दारात हापसा असताना. लोक वाटेत हसायचे. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, मला हेच पाणी आवडतं. घरातल्यांना म्हणायचे, तुम्हीही हेच प्या, पोरीला हेच द्या. का, म्हणून विचारलं की गप्प. "दोन दिन पेवूत आम्हीन, नाना गया का परत हापसा," अक्का म्हणाली. "इतलं लांब कोन जाई?" दोन दिवस विहिरीचं, बाकीचे दिवस हापशाचं. पंधरवड्यातून दोन दिवस नानांनी शब्द न मोडता वाचवले होते.

आम्ही दोघं मागच्या अंगणात गेलो. मी म्हटलं, "नाना, मी तुमचा अपराधी आहे." ते म्हणाले, "माझे कसे? मी कुठे पीत होतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मीही चुकलो, सर. मजकूर बाहेर सांगू नये, हे मी कोर्टाबाहेर शिकलो होतो. पण हा मजकूर नव्हता. शब्द मोडायला पाहिजे होता. मला रोज वाटायचं, या महिन्यात सरांचं पत्र येईल." त्यांची बोटं मांडीवर चालत नव्हती. ती मी प्रथमच स्थिर बघितली.

दुपारी अक्काच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. मी आकडे वाचत गेलो आणि नाना एकेक ओळ त्यांच्या बोलीत सांगत गेले. हापसानं पाणी पेवानं नही, हातपाय धुवाले चाली. कुणी आरडाओरडा केला नाही. एकाने आपले गुडघे चाचपले. सरपंच म्हणाले, विहिरीवर मोटर बसवायला अर्ज करू, तोवर बैलगाडीने टाकी आणू. मला वाटलं होतं शिव्या बसतील. त्याऐवजी एका म्हाताऱ्याने मला हात जोडले. जळगावहून मुद्दाम सांगायला आलात, म्हणाला.

तेव्हा नंदाने विचारलं. शाळेतल्या मराठीत, नीट उभी राहून. "सर, हे तुम्हाला कधी कळलं?"

नुसतं कधी, एवढंच. पोरीच्या मनात काही नव्हतं, विज्ञानाच्या तासाला विचारावं तसं तिने विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. नानाही. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "यंदाच. तपासण्या यंदाच पूर्ण झाल्या."

नानांनी ती ओळ बोलीत सांगितली नाही. तिची गरजही नव्हती, सगळ्यांना मराठी कळत होतं.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला नाना आणि नंदा फाट्यापर्यंत आले. सहावी प्रत नानांच्या काखेत होती. मी ती गावालाच देऊन टाकली होती, मोठ्या मनाने, सगळ्यांसमक्ष. गाडी आली. मी चढून खिडकीशी बसलो तर नाना खिडकीखाली आले. नंदा जरा लांब, पारावर बसली होती.

"सर," नाना हळू म्हणाले, "पहिल्या पानावर साल आहे. मीच केलंय ते. ही पोरगी पुस्तक मधून उघडत नाही, पहिल्या पानापासून वाचते." त्यांनी प्रत दोन्ही हातांनी वर धरली, माझ्या हाताला लागेल एवढी. "न्यायची असेल तर गाडी अजून उभी आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, सूडही नव्हता. ते खरंच विचारत होते. माणसाला पेढ्यांच्या पुड्यासकट गाठून परवानगी मागणारे नाना या वेळी मला नाही म्हणायची पूर्ण सवड देत होते. आणि मी हात पुढे केला, हे मी लिहायलाच हवं. माझी बोटं त्या पातळ कागदांना लागली. पेन्सिलीने गिरवलेल्या अक्षरांचा खरखरीतपणा लागला. मग मी हात मागे घेतला.

"राहू द्या," म्हटलं.

नानांनी मान हलवली. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तेव्हा नाना पाराशी जाऊन नंदाच्या शेजारी बसले आणि त्यांनी प्रत तिच्या मांडीवर ठेवली. मी मान बाहेर काढून बघत होतो. ती पहिलं पान उघडून बोट फिरवत खाली खाली येत होती. पानाच्या तळाशी तिचं बोट थांबलं. मग तिने वर गाडीकडे बघितलं, आणि मी खिडकीतून तोंड आत घेतलं.